नळीतला रंग उतरला, म्हणजे अर्क त्वचेला लागू पडला का?

रानजाई:
औषधी वनस्पतींचे अर्क तपासणं हे माझं रोजचं काम. क्रीमच्या डबीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ वाचलं की हल्ली मला राग येतो. त्यामागे बहुतेकदा डीपीपीएच चाचणी असते. डीपीपीएच या रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचा. रंग पिवळसर झाला की अर्क अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारं नुकसान रोखणारा. पहिल्यांदा तो रंग उतरताना पाहिला तेव्हा मीही हरखले होते. पण साध्या चहानेही तो उतरतो! त्या नळीत ना त्वचा असते, ना घाम, ना ऊन. माणसाच्या त्वचेवर तपासल्याशिवाय डबीवर गुण छापूच नयेत.

शेवंती:
हे फार टोकाचं झालं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही झाडं अंगाला लावून पाहिली, ती काय चाचणी नव्हे? आणि माणसांवरच्या चाचणीचा खर्च छोट्या उत्पादकाला झेपणार कसा? बावचीचंच बघा. तिच्या बियांतल्या बाकुचिओल या घटकाची रेटिनॉलशी, म्हणजे सुरकुत्यांवर लावतात त्या अ जीवनसत्त्वाच्या रूपाशी, ४४ जणांवर १२ आठवडे तुलना झाली; तो अभ्यास २०१९ साली छापून आला. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले. साल निघणं, चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. झाडात गुण होता म्हणूनच ना?

रानजाई:
गुण होता, पण तो कळला माणसांवर तपासल्यामुळेच. शिवाय तिथे बियांचा अर्क नव्हता, वेगळा काढलेला एकच घटक होता. त्याच बियांत सोरालेनही असतं. ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणाल, तर लोक पाला वाटून लेप लावत. आपण अल्कोहोलमध्ये अर्क काढतो. पाण्यात न उतरणारं बरंच काही त्यात उतरतं. झाड तेच असलं तरी लावतोय ते वेगळंच.

प्रयोगवही:
रानजाई, समोर पन्नास अर्क असताना पन्नासही माणसांच्या अंगावर लावणार का? नळीतली चाचणी ही चाळणी आहे, ती हवीच. आधी चाळणी तरी नीट निवडू. त्वचा उजळण्याचा दावा तपासताना सर्रास अळंबीतलं टायरोसिनेज, म्हणजे रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम, वापरतात, कारण ते सहज मिळतं. माणसाचं टायरोसिनेज वेगळं. त्वचा उजळायला वापरतात ते कोजिक आम्ल अळंबीच्या एन्झाइमला जितकं रोखतं, त्याच्या कितीतरी कमी माणसाच्या एन्झाइमला. अशा चाळणीतून नको तेच खाली पडतं.

रानजाई:
चाळणीला माझी ना नाही. चाळणीचा निकाल गिऱ्हाइकाला अंतिम म्हणून सांगू नका, एवढंच.

शेवंती:
सुरक्षिततेबद्दल मान्य. उघडून बरेच महिने झालेल्या बाटलीतलं टी ट्री तेल लावून माझ्या बहिणीच्या मानेवर पुरळ उठलं होतं. हवा लागून ते तेल बदलतं आणि ॲलर्जी देतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून पॅच टेस्ट, म्हणजे आधी त्वचेच्या छोट्या भागावर लावून पाहणं, सक्तीची करा, माझा पाठिंबा. पण गुणाच्या प्रत्येक ओळीसाठी १२ आठवड्यांची चाचणी मागितलीत, तर छोटे उत्पादक बंद पडतील. ते मला पटत नाही.

रानजाई:
मग ती ओळ छापू नये. क्रीम विकायला कोणी अडवलंय?