मदत हवी आहे: रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सातारा-कराड भागात कुठे मिळेल?

परवा भटकं कुत्रं आमच्या दोन वर्षांच्या मुलीच्या अंगावर धावून आलं. बायकोने तिला उचलून छातीशी धरलं, तर त्याने बायकोच्याच पोटरीचा लचका तोडला. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली. टाके घातलेले नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लशीचा पहिला डोस ग्रामीण रुग्णालयात झाला. जखम खोल आहे, तिसऱ्या म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीची. पण जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन तिथे शिल्लक नाही. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच ते देतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय. मुलीचे कपडे काढून नीट पाहिलं, ओरखडाही नाही. बायको अंगावर पाजते; लस चालते, असं डॉक्टर म्हणाले. गाडी आहे, पुण्यापर्यंतही जाऊ. हे इंजेक्शन सध्या नक्की कुठे उपलब्ध आहे आणि सोबत कोणते कागद न्यावेत?