मदत हवी आहे: स्कॉच की आयरिश? दोन साडूंच्या भांडणासाठी जोड्या सुचवा

खारावारा:

नमस्कार मंडळी,

ऍबरडीनला घड्याळं तासभर मागे गेली की चार वाजताच दिवेलागण होते आणि पुढची संध्याकाळ संपता संपत नाही. या नोव्हेंबरात सांगलीहून सासू-सासरे येतायत, आणि त्यांना भेटायला डब्लिनहून मेहुणी आणि साडूही. साडूबुवा तिकडे राहून पक्के आयरिश झालेत. फोनवर एकच पालुपद: "तुमची स्कॉच म्हणजे नुसता धूर आणि आयोडीन." माझं उत्तर ठरलेलं, की तुमची आयरिश म्हणजे गोडसर पाणी. शेवटी सासऱ्यांनीच फर्मान काढलं, "दोघेही आपापल्या बाटल्या आणा, निकाल मी देतो." (सासऱ्यांसमोर ग्लास धरायचा संकोच त्यांनीच पहिल्या दिवाळसणाला मोडीत काढलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही.)

मागे एकदा आम्ही माझी लफ्रॉइग १० (आकडा पिंपात मुरल्याच्या वर्षांचा) आणि त्यांची साधी जेमसन शेजारी ठेवून बसलो होतो. त्यातून काहीच ठरलं नाही, कारण लफ्रॉइगनंतर जेमसनची चवच लागेना. तेव्हा जाणकारांनी जरा नीट जोड्या सुचवाव्यात. रोज मिळणाऱ्या बाटल्या हव्यात, फार महागात जायचं नाही.

दुसरं, साडूचा मुख्य मुद्दा असा की आयरिश तीनदा गाळतात (म्हणजे भट्टीत वाफ करून अर्क काढतात) आणि स्कॉच दोनदा, म्हणून आयरिश हलकी. एवढं सरळ आहे का हे?

आणि एक काळजी. बुनाहाव्हेन १२ या स्कॉचची अर्धी बाटली बाहेरच्या पोर्चमध्ये ठेवली होती, तिथे रात्री पारा शून्याला टेकतो. परवा बघितलं तर आतली व्हिस्की धूसर दिसतेय, ढवळल्यासारखी. खराब झाली का?

शिवाय सासरे सोडा आणि बर्फाशिवाय पीत नाहीत. त्यांना काय सांगू? चकण्याचंही सुचवा. आगाऊ धन्यवाद.

गाळीव:

बाटली टाकू नका! खराब काही झालेलं नाही. व्हिस्कीत तेलकट अंश असतात, चरबीच्या आम्लांचे एस्टर म्हणा. थंडीत किंवा पाणी घातल्यावर ते सुटे होतात आणि धुकं धरतं. गिऱ्हाईक घाबरतं म्हणून बऱ्याच कंपन्या बाटलीत भरण्याआधी व्हिस्की शून्याच्या आसपास थंड करून गाळणीतून काढतात. बुनाहाव्हेन १२ तशी गाळणीतून काढत नाहीत आणि ती ४६.३ टक्क्यांची असते. एवढ्या कडकपणाला घरात ठेवली तर स्वच्छ राहते, तुमच्या पोर्चची गोष्ट वेगळी. आत आणून ठेवा, काही तासांत निवळेल.

पण पोर्चमधून काढून थेट ग्लासात ओतू नका. थंड व्हिस्कीचा वास उठतच नाही, आणि वास गेला की उरतो तो नुसता चटका. हिवाळ्यात घर १७-१८ अंशांवर असेल तर ओतून पंधरा मिनिटं थांबा, ग्लास तळहातात धरा. वर निमुळता होत जाणारा ट्यूलिपसारखा ग्लास घ्या. रुंद तोंडाच्या ग्लासात तुलना करायची तर नाक फुकट जातं.

आता मुख्य भांडण. लफ्रॉइग आणि जेमसन हा सामनाच नव्हे. एक पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या बार्लीची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीची आणि फक्त मोड आणलेल्या बार्लीची; दुसरी ब्लेंड, म्हणजे मका-गव्हासारख्या धान्याची हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली. फरक देशामुळे पडला की धुरामुळे, धान्यामुळे, पिंपामुळे, हे कळायला वावच नाही. जोडी अशी लावा की बरंचसं सारखं असेल आणि एखादीच गोष्ट वेगळी.

साडूंचा मुद्दा अर्धा खरा आहे. तीनदा गाळलं की जड अंश मागे राहतात आणि भट्टीतून ८० टक्क्यांच्या वरचा अर्क निघतो. दोनदा गाळलं तर साधारण ७० च्या आसपास. त्यामुळे हलकेपणा येतो हे खरं. पण आयरिश व्हिस्की तीनदाच गाळायला हवी असा नियम नाही. कनेमारा दोनदाच गाळतात, आणि इकडे ग्लासगोजवळची ऑकेन्टॉशन तीनदा. तेव्हा पहिली जोडी बुशमिल्स १० आणि ऑकेन्टॉशन १२. दोन्ही सिंगल माल्ट, दोन्ही तीनदा गाळलेल्या, दोन्ही बिनधुराच्या, दोन्ही ४० टक्के. डोळे मिटून यातली स्कॉच कुठली हे सासऱ्यांनी ओळखलं तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरी जोडी तुमची हीच बुनाहाव्हेन १२ आणि त्यांची रेडब्रेस्ट १२. दोन्ही बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्या पिंपांत मुरलेल्या, दोन्हींत सुकामेवा, मनुका. (बुनाहाव्हेन धुरकट स्कॉचसाठी प्रसिद्ध असलेल्या आयला बेटावरची असूनही या १२ मध्ये धूर नावालाच, साडूंचं अर्धं तोंड तिथेच बंद.) फरक आहे तो धान्याचा. रेडब्रेस्ट ही सिंगल पॉट स्टिल, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीही. १७८५ साली माल्टवर कर बसला, तो चुकवायला आयरिश लोक कच्ची बार्ली मिसळू लागले. कर गेला, चव राहिली. आताच्या नियमानुसार दोन्ही प्रकारची बार्ली किमान ३०-३० टक्के लागते. कच्च्या बार्लीने जिभेवर साय पसरल्यासारखा दाटपणा येतो आणि शेवटी दालचिनी-मिऱ्याची चुणूक. हे एकदा ओळखीचं झालं की आयरिशला गोडसर पाणी म्हणवत नाही, सांगून ठेवतो.

एकच करा. बुनाहाव्हेन जास्त कडक आहे, तर तिच्या ३० मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घाला. ती ४० च्या जवळ येते. नाहीतर कडक ती चांगली असा कौल ठरलेला.

धुराची जोडी अगदी शेवटी: कनेमारा आणि कल ईला १२. धूर जिभेवरून लवकर जात नाही, म्हणून त्यानंतर दुसरं काही चाखू नये. प्रत्येक ग्लासात १५ मिलीच ओता, सहा मिळून ९० होतात. आणि ओतायचं काम मेहुणीबाईंकडे. ग्लासांच्या बुडाला आकडे चिकटवा, साडूंपैकी कुणी स्वयंपाकघरात फिरकायचं नाही.

ढगाळ_कॉर्क:

गाळीव यांना +१. रेडब्रेस्ट गाळणाऱ्या आमच्या मिडल्टनच्या भट्टीची बाजू घेतलीत, बरं वाटलं.

फक्त एक भर. साडूंना सांगा, रेडब्रेस्टच्या जोडीला ग्रीन स्पॉटही आणा. तीही पॉट स्टिलच, पण हिरव्या सफरचंदाकडे झुकणारी, तरुण. तिला तोडीस तोड स्कॉच मला तरी माहीत नाही, म्हणून जोडीत न बसवता पहिल्यांदा नुसतीच चाखा.

आणि कडाक्याच्या थंडीत इकडचं खरं पेय म्हणजे हॉट व्हिस्की. जाड बुडाचा ग्लास आधी गरम पाण्याने विसळायचा. लिंबाच्या चकतीत चारपाच लवंगा टोचायच्या, ती ग्लासात टाकून वर चमचाभर ब्राउन शुगर, एक माप व्हिस्की, मग उकळतं पाणी. पबमधलं इकडचं माप ३५.५ मिलीचं, तुमच्याकडचं बहुतेक ठिकाणी २५. तुमच्या-आमच्या पेगमधला फरक तिथूनच सुरू होतो! यात रेडब्रेस्ट ओतली तर पाप लागेल. जेमसन किंवा पॉवर्स पुरे. सासूबाई सर्दी झाली म्हणून घेतील, लिहून ठेवा.

गाळीव:

साडूंना चिडवायला एक मुद्दा देतो. सलग चालणाऱ्या कॉलम भट्टीचं पेटंट १८३० चं, आणि ते घेणारा इनीस कॉफी हा डब्लिनमधला माजी अबकारी अधिकारी. डब्लिनच्या बड्या भट्टीवाल्यांनी त्याच्या यंत्राकडे नाक मुरडलं. स्कॉटलंडवाल्यांनी ते उचललं आणि त्यातल्या हलक्या ग्रेन व्हिस्कीच्या जोरावर ब्लेंडेड स्कॉच जगभर पोचवली.

ढगाळ_कॉर्क:

ते मान्यच. पण नुसतं नाक मुरडल्याने आयरिश बुडाली नाही. स्वातंत्र्ययुद्ध, १९२० ते ३३ ची अमेरिकेतली दारूबंदी, ब्रिटनशी व्यापारयुद्ध, सगळं एकामागोमाग आलं. एक काळ असा आला की अख्ख्या बेटावर मिडल्टन आणि बुशमिल्स एवढ्या दोनच भट्ट्या चालू होत्या. आता परत चाळीसच्या आसपास गेल्यात.

निवांत_पेग:

सासऱ्यांना सोडा सोडायला लावणारे तुम्ही कोण? सांगलीत चाळीस अंशांत माणूस सोडा-बर्फ घेणार नाही तर काय घेणार! ब्लेंडेड स्कॉच मुळात सोड्याबरोबरच मोठी झाली. स्पर्धेपुरते सहा घोट बिनबर्फाचे घ्यायला सांगा, निकाल वहीत लिहून घ्या, मग त्यांना हवं तसं पिऊ द्या. परीक्षकाचा मूड गेला तर दोघेही नापास व्हाल.

सोलकढी:

चकण्याबद्दल. स्पर्धा चालू असेपर्यंत टेबलावर पाणी आणि साधी बिस्किटं, बस. दिवाळीचा चिवडा लांब ठेवा. हिंग, लसूण, फोडणीची मिरची तोंडात गेली की बुशमिल्स आणि नळाचं पाणी सारखंच लागतं. निकाल झाल्यावर मात्र भाजणीची चकली रेडब्रेस्टबरोबर काढा, खमंगपणा छान जुळतो. कल ईलाबरोबर मासा हवा. ऍबरडीनला आहात तर पीटरहेडचा ताजा मॅकरेल मिळेल, आम्ही तो बांगडा म्हणूनच खातो. हळद-मीठ-तिखट, आगळात मुरवून रवा लावून तळा. तिखट नेहमीच्या निम्मं घाला, धुराला खारटपणा पुरतो.

आणि एक मोठी ताई म्हणून सांगते. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवायची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. सकाळी उठून कुणी साडूंना विमानतळावर सोडायला जाणार असेल तर त्याने आदल्या रात्री हात आखडता घ्यावा.

खारावारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटली आत आणली, संध्याकाळपर्यंत लख्ख झाली. बायकोला ओतायचं काम दिलंय, कारण मेहुणी नवऱ्याला खुणा करेल असा तिलाच संशय आहे. सुट्टीचा दिवस बघून सकाळची टॅक्सीही सांगून ठेवली. ऑकेन्टॉशन आणि कल ईला शनिवारी आणतो. इकडे दुकानात दहाच्या आत आणि रात्री दहानंतर बाटली मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

शेवटचा प्रश्न. जिंकलेली बाटली सासरे सांगलीला नेणार म्हणतात. किती नेता येतात?

गाळीव:

भारतात माणशी दोन लिटर ड्यूटीशिवाय. चेक-इन बॅगेत, सीलबंद, कपड्यांत गुंडाळून. ७० टक्क्यांपर्यंतची चालते, म्हणजे कास्क स्ट्रेंथ (पाणी न घालता पिंपातल्या कडकपणालाच भरलेली) घेतली तरी अडचण नाही. बाटली ७० सेंटिलिटरची, म्हणजे एकाच्या हिश्श्यात दोन बसतात. सासूबाईंचे दोन लिटर कुणाच्या बाजूने जाणार, ते आधीच ठरवून घ्या.