मदत हवी आहे: आर मध्ये तीन मॉडेल, तीन एआयसी. कुठलं घ्यायचं? (तातडीचं)

पऱ्हाटी:
नमस्कार. एमएस्सी कीटकशास्त्राचा प्रबंध आहे. कामगंध सापळ्यात येणारे गुलाबी बोंडअळीचे पतंग आणि हवामान यांचा संबंध काढायचा आहे. आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत तीन मॉडेल चालवली. (एआयसी म्हणजे मॉडेल किती चांगलं बसलं याचा गुण, कमी तितका बरा.) पॉयसन जीएलएमचा (मोजणीच्या आकड्यांसाठीचं मॉडेल) एआयसी "इन्फ" येतो, निगेटिव्ह बायनॉमियलचा (तसंच, पण जास्त विखुरलेल्या आकड्यांसाठी) १४१२, आणि पतंगांचा लॉग घेऊन केलेल्या साध्या एलएमचा (सरळ रेषेचं मॉडेल) ४८७. सर म्हणतात सगळ्यात कमी एआयसीवालं घे, म्हणजे एलएम. पण स्टेप (एकेक घटक काढून-घालून एआयसी ताडणारी आज्ञा) चालवलं की ते मध्येच थांबतं आणि वापरातल्या ओळींची संख्या बदलली, गहाळ किमती काढा अशा अर्थाचा एरर देतं. सोमवारी मसुदा द्यायचा आहे. मॉडेल कुठलं आणि स्टेप का अडतंय, एवढंच सांगा. पुस्तकं सुचवू नका प्लीज, वेळ नाही.

आकडेमोड:
एवढ्यावरून सांगता येणार नाही. पतंगांच्या कॉलममध्ये नेमकं काय आहे, मोजलेली संख्या की सरासरी? एकूण ओळी किती, गावं किती, हंगाम किती? लॅगचे (मागच्या आठवड्यांच्या किमतींचे) कॉलम घेतलेत का? रिकाम्या पेशींचं काय केलं? पॉयसन चालवताना "नॉन-इंटिजर" अशा वॉर्निंग आल्या होत्या का?

डेटावाला_पुणे:
हे सगळं पायथॉनमध्ये करा. पांडाज आणि सायकिट-लर्न घ्या, रँडम फॉरेस्ट लावा, व्हेरिएबल इम्पॉर्टन्सचा आलेख काढा. एआयसीच्या भानगडीत पडायची गरजच नाही. मी कंपनीत रोज हेच करतो.

पऱ्हाटी:
@डेटावाला_पुणे, विद्यापीठात आर सांगितलंय, बदलता येणार नाही.
@आकडेमोड, वॉर्निंग पन्नासेक आल्या, नॉन-इंटिजरच होत्या. मॉडेल चाललं म्हणून पुढे गेले. कॉलममध्ये दर सापळ्यामागे आठवड्याची सरासरी आहे. यवतमाळ जिल्ह्यातली राळेगाव, कळंब, मारेगाव, वणी अशी ४ ठिकाणं, २०२२ ते २०२४ असे ३ खरीप, हवामान आठवडा (वर्षाचे ठरलेले ५२ भाग) २७ ते ५२. ओळी ३१२. दोन आठवडे मागचा पाऊस लॅगने काढला, तो घातला की ३१० उरतात. रिकाम्या पेशी नाहीत, फाइल मिळाली तेव्हाच त्या जागी शून्य होतं.

आकडेमोड:
बरं, आता बोलता येईल. जरा लांबेल, पण सोमवारच्या आधी वाचाच.

इन्फ कुठून आला: पॉयसन फक्त पूर्णांकांसाठी आहे. ४.६७ पतंग येण्याची शक्यता त्याच्या लेखी शून्य, शून्याचा लॉग उणे अनंत, म्हणून एआयसी अनंत. त्या वॉर्निंग हेच सांगत होत्या. निगेटिव्ह बायनॉमियलचं सूत्र दशांश निमूट गिळतं, म्हणून तिथे आकडा आला, पण तोही अर्थाचा नाही. सरासरी बाजूला ठेवा. मूळ मोजलेले पतंग घ्या आणि किती सापळे किती रात्री चालू होते त्याचा लॉग ऑफसेट म्हणून द्या. मग दर रात्री दर सापळा असा दर आपोआप मिळतो, आणि दोन रात्रींचा आठवडा आणि सात रात्रींचा आठवडा एकाच वजनाचे ठरत नाहीत.

४८७ विरुद्ध १४१२: ही तुलना होऊच शकत नाही. एका मॉडेलमध्ये उत्तर (ज्याचा अंदाज काढायचा ते) पतंग आहे, दुसऱ्यात पतंगांचा लॉग. एकक बदललं की लाइकलिहूड (आकडे मॉडेलला किती जुळतात याचं माप, एआयसी त्यावरूनच निघतो) बदलते. बघायचंच असेल तर एलएमच्या एआयसीत लॉग(पतंग + १) ची बेरीज दुप्पट करून मिळवा आणि आकडा इथे टाका. तीही तुलना ढोबळच, कारण एक वितरण सलग आहे आणि दुसरं सुटं. पण सरांना दाखवायला पुरेल.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. ४ गावं गुणिले ३ हंगाम म्हणजे १२ गट. दोन आठवड्यांचा लॅग घेतला की प्रत्येक गटाच्या पहिल्या दोन ओळी रिकाम्या व्हायला हव्यात, म्हणजे २४ ओळी जाऊन २८८ उरायला हव्यात. तुमच्या ३१० उरल्या. म्हणजे लॅग अख्ख्या फाइलवर एकदाच लागलाय आणि राळेगावच्या २०२३ च्या जुलैला राळेगावच्याच २०२२ च्या डिसेंबरचा पाऊस मिळालाय. आधी गाव, वर्ष, आठवडा असं क्रमाने लावा, मग गाव आणि वर्षानुसार ग्रुप-बाय, मग लॅग. लॅग डीप्लायर पॅकेजचाच घ्या. आर मधला मूळचा लॅग टाइम सिरीजसाठी आहे, तो साध्या कॉलममधल्या किमती सरकवतच नाही.

स्टेपही इथेच अडतंय. लॅगचा कॉलम असतो तेव्हा ३१० ओळी, तो काढला की ३१२. एआयसीची तुलना त्याच ओळींवर आणि त्याच उत्तरावर करायची असते, म्हणून आर थांबतं. थांबतं ते बरंच आहे.

बांधावरचा_माणूस:
ताई, सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. सोबत हिरवी बोंडं फोडून पाहायची, दहातलं एक किडकं निघालं तरी फवारणीचा विचार करायचा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा, पीक वाढलं तसा वर घ्या. आमच्याकडं लोक एकदा लावून देतात अन् मंग पाहतच नाही.

पऱ्हाटी:
दादा, फवारणी नको आहे, मॉडेल हवं आहे. पण धन्यवाद.
@आकडेमोड, तुम्ही सांगितलेली बेरीज केली, एलएम ४८७ वरून १५४१ झालं. म्हणजे ते निगेटिव्ह बायनॉमियलच्या मागे गेलं! ग्रुप करून लॅगही परत काढला. पण २८८ नाही, २८६ ओळी येताहेत.

सांख्यिकी_काका:
मूळ मुद्दा राहतोय. एकाच गावातून दर आठवड्याला मोजणी म्हणजे पुनरावृत्त निरीक्षणं. इथे मिश्र मॉडेलच हवं, गाव रँडम इफेक्ट म्हणून (गावागावांतला फरक योगायोगाचा धरून). शिवाय शून्यं खूप असणार, म्हणून झिरो-इन्फ्लेटेड (जास्तीची शून्यं वेगळी हिशेबात घेणारं) निगेटिव्ह बायनॉमियल. जीएलएमएम-टीएमबी पॅकेजमध्ये एका ओळीचं काम आहे. मी तीस वर्षं शिकवलंय, साध्या जीएलएमवर परीक्षक झोडपतील.

आकडेमोड:
काका, आदर आहे, पण ४ गावांवरून गावागावांतल्या फरकाचं व्हेरिअन्स कसं काढणार? ४ पातळ्यांना ते बऱ्याचदा शून्यावर जाऊन बसतं. गाव आणि वर्ष दोन्ही साधे फिक्स्ड म्हणून (प्रत्येकाचा स्वतःचा ठरावीक परिणाम धरून) घ्या, वर्षंही तीनच आहेत. आणि शून्यं खूप आहेत एवढ्याने झिरो-इन्फ्लेशन ठरत नाही. सरासरी लहान असली की निगेटिव्ह बायनॉमियल स्वतःच पुष्कळ शून्यं देतं. मॉडेल किती शून्यं अपेक्षितं आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे आधी बघू.

सांख्यिकी_काका:
फिक्स्ड घेतलंत की निष्कर्ष त्या चार गावांपुरताच राहतो. प्रबंधाचं शीर्षक जिल्ह्याचं असेल तर?

आकडेमोड:
रँडम लिहिल्याने चार गावांचा जिल्हा होत नाही. गावं कशी निवडली त्यावर ते ठरतं.

रानवारा:
२८६ चं कोडं: कुठल्यातरी गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलंय. १३ वा गट तयार झाला की आणखी दोन ओळी जातात, २८८ वजा २. युनिक लावून गावांची यादी काढा, नावामागे एखादी स्पेस सापडेल. आणि शून्यांचा तक्ता इथे चिकटवा ना, कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात, कुठल्या गावात.

पऱ्हाटी:
सापडलं! २०२३ मध्ये काही ओळींत "वणी" पुढे स्पेस आहे. ट्रिम केल्यावर बरोबर २८८.
शून्यं: जुलैमध्ये बरीच, चारही गावांत. मग २०२२ चा आठवडा ४३ चारही गावांत शून्य, २०२३ चा ४६ चारही गावांत, २०२४ चा ४४ चारही गावांत. बाकी एकही नाही.

रानवारा:
आठवडा ४३ म्हणजे २२ ते २८ ऑक्टोबर, आणि २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. आठवडा ४६ म्हणजे १२ ते १८ नोव्हेंबर, २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. आठवडा ४४ म्हणजे २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. ही दिवाळी आहे. कोणी सापळे पाहिले नाहीत आणि फाइल भरताना रिकाम्या जागी शून्य पडलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या भरात चारही गावांत एकदम शून्य पतंग कसे येतील? या १२ ओळींत एनए (नोंद नाही) टाका. जुलैची शून्यं खरी वाटतात, तेव्हा कपाशीला पात्याही धड लागलेल्या नसतात. ती राहू द्या, पण रजिस्टरशी ताडून घ्या.

सांख्यिकी_काका:
हे निरीक्षण उत्तम. मग झिरो-इन्फ्लेटेडचा आग्रह मी सोडतो. ती शून्यं घेऊन ते मॉडेल चालवलं असतं तर छान बसलं असतं आणि पतंगांबद्दल काहीतरी भलतंच सांगितलं असतं. मिश्र मॉडेलवर मात्र मी ठाम आहे.

बांधावरचा_माणूस:
पण ५२ व्या आठवड्याला का थांबता? आमच्याकडं ओलिताची सोय असली की फरदड (वेचणी झाल्यावरही राखलेली कपाशी) फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवतात, अन् अळी तिथंच पुढच्या सालासाठी थांबते. २०१७ ला सारं यवतमाळ या अळीनं पोळलं. डिसेंबरात मोजणी बंद केली तर खरा प्रश्न बाहेरच राहतो.

कापूसकोंड्या:
फरदडीबद्दल अगदी सहमत. यंदा भाव काय चाललाय तिकडे? आणि कोणाला आरच्या आलेखात देवनागरी नीट दिसते का? माझ्याकडे गावांच्या नावांच्या जागी चौकोन येतात, फाँट बदलला तर वेलांट्या भलतीकडे जातात.

रानवारा:
@कापूसकोंड्या, रॅग पॅकेज घ्या आणि चित्र त्यातून पीएनजीत साठवा. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. भावाचं वेगळ्या धाग्यात विचारा.

आकडेमोड:
@पऱ्हाटी, आणखी दोन प्रश्न. हवामान चार गावांचं वेगळं आहे की एकाच केंद्राचं? आणि रोजच्या हवामानाचे आठवडे कसे पाडलेत?

पऱ्हाटी:
एकाच केंद्राचं, चारही गावांना तेच. आठवडे लुब्रिडेट पॅकेजच्या वीकने.

आकडेमोड:
मग आठवडे परत पाडावे लागतील. प्रमाणित हवामान आठवड्यांत लीप वर्षी नववा आठवडा ८ दिवसांचा असतो आणि ५२ वा नेहमीच ८ दिवसांचा, २४ ते ३१ डिसेंबर. लुब्रिडेट १ जानेवारीपासून सरळ सात-सात दिवस मोजतं. त्यामुळे ३१ डिसेंबरला ते ५३ वा आठवडा म्हणतं, आणि २०२४ मध्ये मार्चनंतर प्रत्येक आठवड्याचा शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यात ढकलतं. ८ जुलै २०२४ तुमच्या सापळ्याच्या रजिस्टरमध्ये २७ व्या आठवड्यात आहे, हवामानात २८ व्या. आयएसओ-वीकही नको, ते सोमवारपासून मोजतं. हवामान आठवड्यांच्या तारखांचा छोटा तक्ता बनवा आणि त्याने जोडा.

हवामान वर्षभर नोंदलेलं असतं, तेव्हा २५ आणि २६ आठवड्यांचा पाऊसही घ्या. लॅग हवामानाच्या फाइलवर काढा, मग पतंगांना जोडा. एकही ओळ लॅगपायी जाणार नाही. दिवाळीच्या १२ सोडून ३०० ओळी प्रत्येक मॉडेलला सारख्याच मिळतील आणि स्टेपही अडणार नाही.

एकाच केंद्राचं हवामान म्हणजे पावसाच्या स्वतंत्र नोंदी ३०० नाहीत, ३ हंगाम गुणिले २६ आठवडे, फार तर ७८. पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) त्यामुळे फुकट चांगल्या दिसतील. इथे काकांचं बरोबर आहे: रँडम इफेक्ट घ्यायचाच तर गावाचा नको, वर्ष-आठवड्याचा घ्या. दिवाळीचे तीन आठवडे वजा जाता त्याच्या पातळ्या पंच्याहत्तर आहेत. महावेधची (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा प्रकल्प) मंडळनिहाय आकडेवारी मिळाली तर आणखी उत्तम.

सांख्यिकी_काका:
वर्ष-आठवडा रँडम, गाव फिक्स्ड. मान्य. फक्त फिक्स्ड भाग वेगळा असलेली मॉडेल एआयसीने ताडताना फिट करण्याची आरईएमएल रीत बंद ठेवा, एमएल रीतीवर फिट करा. जीएलएमएम-टीएमबीत ते मुळातच एमएल असतं. एलएमई-फोर पॅकेजच्या एलमरमध्ये मात्र उलटं.

डेटावाला_पुणे:
रँडम फॉरेस्टला यातलं काहीच लागलं नसतं.

रानवारा:
दिवाळीची शून्यं आणि एक दिवस सरकलेला पाऊस त्यालाही तसाच मिळाला असता, आणि त्याने वॉर्निंगसुद्धा दिली नसती.

पऱ्हाटी:
अपडेट. आठवडे तक्त्याने जोडले, ३०० ओळी, तिन्ही मॉडेलला त्याच. सरासरीला सापळ्यांच्या संख्येने गुणून मूळ आकडे परत काढले, पूर्णांक आले. पॉयसनमध्ये रेसिड्यूअल डेव्हियन्स भागिले डिग्रीज ऑफ फ्रीडम ९ च्या आसपास (१ च्या जवळ हवं), म्हणून निगेटिव्ह बायनॉमियल पुढे नेतेय, वर्ष-आठवडा रँडम. पहिल्या मॉडेलमध्ये पाऊस अगदी ठळक होता, आता त्याचा परिणाम बराच खाली आलाय. किमान तापमान टिकून आहे. सरांना ४८७ आणि १५४१ दाखवलं, ते म्हणाले पद्धत प्रकरणात नीट लिही.
पण ऑफसेटला रात्री किती धरू? फाइलमध्ये नाहीत. सगळीकडे ७ चालेल का?

आकडेमोड:
नाही, रजिस्टरमधूनच घ्या. वादळात पडलेला सापळा, गुरांनी मोडलेला सापळा, ल्युअर (पतंगांना ओढणारी गंधाची गोळी) संपून चार दिवस नुसता टांगलेला सापळा, हे सगळं शेरा कॉलममध्ये असतं. ल्युअर बदलल्याची तारीखही उतरवून घ्या, नवी ल्युअर लावली की पतंग वाढतात आणि ते हवामानाच्या नावावर जातं. सोमवारपर्यंत होणार नसेल तर मसुद्यात ७ धरा, तसं स्पष्ट लिहा आणि अंतिम प्रतीत बदला. ५२ व्या आठवड्याला मात्र आत्ताच ८ टाका.

बांधावरचा_माणूस:
ताई, वणीकडच्या सापळ्यांची माणसं माझ्या ओळखीची निघू शकतात. कोणत्या शिवारात लावले होते ते व्यनि (खासगी निरोप) करा. दिवाळीत कोण गेलं कोण नाही, अन् सापळे कधी पडले, ते विचारून देतो.