टॉप मॉडेल घ्यावं का मधलं घेऊन बाकीचं नंतर बसवावं?

पहिलीच_नवी_गाडी

नमस्कार मंडळी. गाडी बुक करायचीय आणि गेले पंधरा दिवस मी नुसती फीचरची यादी वाचतोय, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतो. गाडी ठरली, रंग ठरला, घोडं अडलंय ते व्हेरिएंटवर. मधल्या मॉडेलला सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), मागे पार्किंग सेन्सर, १६ इंची चाकं एवढं आहे. टॉपला सगळंच, म्हणजे पॅनोरामिक सनरूफ, १८ इंची अलॉय, मोठी स्क्रीन, गार हवा येणाऱ्या सीट, आतून रंगीत लायटिंग, पाय हलवला की उघडणारी डिकी. शिवाय मधल्यावर एक ड्रायव्हर पॅक घेता येतो, त्यात आपोआप लागणारा ब्रेक, ब्लाइंड स्पॉटची (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीची) सूचना, रिव्हर्स कॅमेरा आणि अजून दोनचार बारीकसारीक गोष्टी येतात, पण तो फॅक्टरीतूनच बसून येणार आणि त्यासाठी तीन महिने थांबायचं. शोरूमवाला म्हणतो थांबता कशाला, मधलं आत्ता घेऊन जा, कॅमेरा, अलॉय, स्क्रीन सगळं आम्ही इथेच बसवून देतो.

मधल्या मॉडेलमध्ये बसलो तर गिअरच्या पुढे पाच बटणांची जागा आणि त्यात बटण एकच, बाकी चार नुसत्या काळ्या पट्ट्या. खरं सांगतो, ते बघून मन खट्टू झालं, रोज गाडीत बसलो की ती रिकामी जागा समोर दिसणार असं वाटत राहतं. बायको दोन्हीत बसून आली, ती म्हणाली मधल्याचं स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं आणि टॉपचं पुढे-मागेपण होतं, बाकी तिला फार फरक वाटला नाही. गाडी जास्त करून तीच चालवणार आहे.

तर कुठल्या गोष्टी नंतर बसवून चालतात आणि कुठल्या कंपनीतूनच आलेल्या बऱ्या, वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

पाना_दहा_बारा

भाऊ मी गाड्या उघडायचंच काम करतो, वीस वर्षं झाली, त्यामुळे माझ्याकडे फीचर येतं ते बिघडल्यावर, ते लक्षात ठेवून वाचा.

सनरूफपासून सुरू करतो. बऱ्याच जणांना वाटतं काचेच्या कडेचं रबर पाणी अडवतं. ते सगळं अडवत नाही, थोडं पाणी आत येणार हे धरूनच डिझाइन केलेलं असतं, खाली एक पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, पुढच्या नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणि मागच्या नळ्या मागच्या खांबातून. पाला, धूळ, झाडाचा चीक साठून नळी तुंबली की पाणी उलटं फिरतं आणि छताच्या कापडात नाहीतर कार्पेटखाली उतरतं. एक गाडी आली होती, दर चार दिवसांनी बॅटरी उतरायची, मालकाने दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. मी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळला की पाणी गळत होतं आणि सीटखालचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, हिरवा पडलेला. पुढच्या नळीत नायलॉनची दोरी सारली तर बोटभर लांब काळा गाळ निघाला. बिघाड एवढाच. सनरूफ घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण घेतलंत तर वर्षातून दोनदा त्या नळ्या साफ करा, आणि हवेच्या प्रेशरने मारू नका, आतल्या आत नळी जोडावरून निसटते आणि मग छतच उतरवावं लागतं.

चाकांचं. टायरवर २०५/६० आर १६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ६० टक्के, म्हणजे १२३ मिलिमीटर रबर. त्याच गाडीला १८ इंची अलॉयवर २२५/४५ बसवला तर भिंत उरते १०१. दोन सेंटिमीटर रबर गेलं, आणि खड्ड्यात रिम वाचवतं ते हेच रबर. मोठ्या चाकाची गाडी उभी छान दिसते हे मलाही पटतं, पण फुगा आलेले टायर आणि वाकलेले रिम माझ्याकडे येतात त्यात कमी भिंतीचेच जास्त असतात. शिवाय टायर बदलायची वेळ येते तेव्हा मोठ्या साइजला पैसेही जास्त लागतात.

आता नंतर बसवायचं काय. कॅमेरा बसवता येतो, फक्त कपलरला कपलर जोडून बसवा. कुणी वायर सोलून टेप गुंडाळायला लागला की तिथून उठा, तो जोड दोन वर्षांनी काळा पडतो आणि वायरिंगची वॉरंटी गेली ती गेलीच. ब्लाइंड स्पॉट आणि ऑटो ब्रेक मात्र कंपनीतूनच. त्याची रडार बंपरच्या आत असतात आणि कॅमेरा पुढच्या काचेला वर, ते गाडीच्या ब्रेकशी, स्टिअरिंगशी बोलत असतात, बाहेरून बसवलेलं किट फार तर टूंटूं करेल, ब्रेक दाबणार नाही. आणि पुढची काच बदलली की तो कॅमेरा परत सेट करून घ्यावा लागतो हे आत्ताच लिहून ठेवा, बरेच लोक काच बदलतात आणि तसेच निघून जातात.

जुने_कॅटलॉग

पाना दादांनी वर्कशॉपची बाजू सांगितली, मी जरा मागचं सांगतो, कारण मला जुनी गाड्यांची माहितीपत्रकं वाचायचा नाद आहे आणि त्यात एक गोष्ट फार ठळक दिसते. आज ज्याच्याशिवाय गाडीला हात लावणार नाही ते कधीतरी वेगळे पैसे मोजून घ्यायचं होतं.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ची, ती समोरून हँडल मारून सुरू करायची, हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. इलेक्ट्रिक स्टार्टर तिला मिळाला १९१९ मध्ये, तोही बंद बॉडीच्या गाडीला सोबत आणि उघड्या गाडीला पैसे भरून. पेट्रोलचा काटा नव्हता, सीट उचलून टाकीत काठी बुडवून बघायचं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासला आली ती ऑप्शन म्हणून. ईएससीचं तर अजून मोठं आहे, १९९५ मध्ये महागड्या गाडीत आलं आणि तिथेच राहिलं असतं, पण १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने मर्सिडीजची छोटी ए क्लास एकदम वळवायची चाचणी केली, समोर अचानक जनावर आलं तर गाडी चुकवतो तशी, आणि गाडी उलटली. मग कंपनीने त्या छोट्या गाडीला सरसकट ईएससी दिलं. पुढे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपने २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं केलं.

म्हणून यादी हातात घेतली की मी एकच बघतो, यातलं काय सक्तीच्या रांगेत आहे. रिव्हर्स कॅमेरा अमेरिकेत २०१८ पासून सक्तीचा आहे. ऑटो ब्रेक युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला लागतो. रंगीत लायटिंग कुणी सक्तीचं करणार नाही. तुमचा ड्रायव्हर पॅक म्हणजे या रांगेतल्याच वस्तू आहेत, तीन महिने थांबा.

एक सावधगिरी. हल्ली काही गोष्टी गाडीत बसवलेल्या असतात पण कुलूप लावून, पैसे भरले की सॉफ्टवेअरने उघडतात. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायचा हीटर महिन्याच्या वर्गणीवर दिला, लोक भयंकर चिडले, २०२३ मध्ये कंपनीने तो प्रकार सोडून दिला. तेव्हा प्रत्येक फीचरला विचारा, हे कायमचं माझं का ठरावीक वर्षांपुरतं, आणि गाडी विकली तर पुढच्या माणसाला मिळणार का. नकाशा, मोबाइल ॲपवरून एसी चालू करणं, या गोष्टी बऱ्याचदा काही वर्षं फुकट असतात आणि मग बंद पडतात. लेखी घ्या.

दुहेरी_टाका

मला गाड्यांमधलं तेवढं कळत नाही पण फीचरचं कळतं, कारण मी शिवणाचं काम करते आणि मशीन घेताना हेच सगळं भोगलंय. माझ्या मशीनला दोनशेच्या वर टाके आहेत, पानं, फुलं, बदकं, अक्षरं. रोज लागतात सरळ, झिगझॅग आणि काजाचा, झालं. बदक मी एकदाच काढलं, मशीन आणली त्या दिवशी.

पण त्याच मशीनला एक वाकडी दांडी आली होती, पुढून भोकात खोचायची आणि गुडघ्याने बाजूला ढकलली की सुईजवळचा दाबपट्टीचा पाय वर उचलला जातो. मी ती दोन वर्षं डब्यात ठेवली होती, वाटलं असली अडगळ कशाला. मग एकदा गोल गळ्याची पायपिंग लावत होते, कापड सरकायचं म्हणून दोन्ही हात गुंतलेले, पाय उचलायला तिसरा हात आणायचा कुठून, तेव्हा ती दांडी आठवली. आता ती नसेल तर मला शिवता येत नाही असं झालंय. यादीत ती सगळ्यात खाली बारीक अक्षरात होती आणि दोनशे टाके मोठ्या अक्षरात खोक्यावर.

म्हणून दादा तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि मला वाटतं तुमच्या यादीतली गुडघ्याची दांडी तुमच्या मिसेसनी तुम्हाला सांगितलीय. स्टिअरिंग पुढे-मागे होतं हे. मी बुटकी आहे, मला हे रोजचं आहे. पेडलपर्यंत पाय पोचवायला सीट पुढे घेतली की स्टिअरिंग छातीवर येतं. त्यात एअरबॅग असते, ती फुटते तेव्हा छाती फार जवळ असली तर तिचाच मार बसतो. अमेरिकेची एनएचटीएसए, म्हणजे तिथली रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था, सांगते की छातीचं मधलं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यात निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. त्यांना सीटवर नीट बसवा, पेडल पूर्ण दाबायला लावा आणि मग टेपने मोजा. हे नंतर कुठलाच दुकानदार बसवून देणार नाही.

अजून एक सांगते, जोडायची वस्तू सगळीकडे मिळणाऱ्या मापाची आहे का बघा. माझ्या मशीनचा दाबपट्टीचा दांडा लो शँकचा, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आखूड मापाचा आहे, त्यामुळे चेनचा पाय, पायपिंगचा पाय कुठल्याही बनावटीचा घेतला तरी बसतो. माझ्या मैत्रिणीच्या मशीनला त्यांचाच पाय लागतो, तो मिळेना म्हणून चांगली मशीन पडून आहे. आमच्या फ्रिजचं पण तेच, दारातून गार पाणी येतं ते छान आहे, पण त्याचा फिल्टर दर सहा महिन्यांनी बदला आणि तो त्यांचाच लागतो, दुसरा आत जातच नाही.

मागच्या_सीटवरून

सगळे सनरूफला नको म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. माझी आई मागे बसते, तिला बंद गाडीत घुसमटल्यासारखं व्हायचं, लांबचा प्रवास ती टाळायची. छताला काच असलेली गाडी घेतल्यापासून ती मान मागे टाकून ढग बघत बसते, परवा सहा तास न थांबता आली. हे कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं. नळ्या साफ करतो मी, पाना दादांचं बरोबर आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त एक करा, बुक करायच्या आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला काचेखाली बसवा, सनरूफची फ्रेम डोक्यावरची थोडी जागा खाते.

पायाने उघडणारी डिकी पण मला रोज लागते, दोन्ही हातात सामान असतं. माझी किल्ली खिशात असली तरच चालते आणि पाय आत नेऊन लगेच बाहेर घ्यावा लागतो, नुसता हलवून भागत नाही, हे कळायला मला आठवडा गेला.

पहिलीच_नवी_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन गेलो. मधल्या मॉडेलमध्ये बायकोला सीट सोयीची लावून मोजलं तर अंतर भरलं १९ सेंटिमीटर. टॉपमध्ये स्टिअरिंग तिच्यापासून लांब ढकलून, सीट एक खाच वर घेऊन, पाठ थोडी मागे टेकवून २६ आलं. मी पंधरा दिवस स्क्रीनचे इंच मोजत होतो आणि तिने पहिल्या दिवशी सांगितलेलं मी शेवटच्या ओळीत टाकलं होतं, याचं मला खरंच वाईट वाटलं आणि तिला तसं बोललोही.

मग ड्रायव्हर पॅकमधल्या त्या दोनचार बारीकसारीक गोष्टी नीट विचारल्या तर त्यात पुढे-मागे होणारं स्टिअरिंग आहे! शोरूमवाल्याला पण माहीत नव्हतं, त्याने फोन करून विचारलं. तर मधलं मॉडेल, १६ इंची चाकं, ड्रायव्हर पॅक, तीन महिने थांबणार. ॲपचं किती वर्षं फुकट ते लेखी मागितलंय. शोरूमकडून सीट कव्हर आणि मॅट सोबत मिळतायत, ते घेऊ ना? पाना दादा सांगा.

पाना_दहा_बारा

मॅट घ्या पण कंपनीच्या मॅटवर दुसरी टाकू नका. खालची काढा, मग वरची टाका, आणि तिची भोकं जमिनीच्या खुंट्यांत अडकली पाहिजेत. मॅट सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते, याच कारणाने २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या.

सीट कव्हर बसवायच्या आधी सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगचं छोटं लेबल आहे का बघा. तुमच्या सहा बॅगांपैकी दोन बहुतेक तिथेच असणार, त्या शिवण फाडून बाहेर येतात. वरून जाड कव्हर गच्च शिवलं तर बॅग अडकते. साइड एअरबॅगसाठी शिवण सोडलेलं कव्हर मिळतं ते मागा, नाहीतर नकोच, कापडी सीट तशीच वापरा. आणि गाडी हातात आली की आधी स्टेपनी काढून बघा, चार चाकांच्या मापाची आहे का बारीक वाली. बारीक असेल तर तिच्यावर ८० लिहिलेलं असतं, त्याच्या वर पळवायची नाही, मिसेसनाही दाखवून ठेवा.