सायक्लोन टेलर: पोराच्या प्रोजेक्टमधला हिरो आणि कोमागाटा मारू

कोथरूडचा_बाबा
मंडळी, जरा विचित्र अडचण आहे. पोरगा सातवीत, तीन वर्षं झाली रोलर हॉकी खेळतोय (पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात, म्हणून चाकांवर). शाळेत 'माझ्या खेळातला जुना खेळाडू' असं प्रोजेक्ट दिलंय, तर साहेबांनी थेट आईस हॉकीतला फ्रेड टेलर उचलला. जन्म १८८४, कॅनडातलं ओंटारिओ, टोपणनाव सायक्लोन. १९१० साली रेनफ्रू नावाच्या छोट्याशा गावाच्या टीमने त्याला १२ मॅचच्या सीझनला ५२५० डॉलर दिले, म्हणजे मॅचमागे चारशेच्या वर, त्या काळात! पोरगं भारावलंय, भिंतीवर फोटोबिटो लावून झाला. आणि काल रात्री मी सहज पुढचं वाचत बसलो तर कळलं की १९१४ मध्ये भारतातली माणसं घेऊन निघालेलं कोमागाटा मारू हे जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदरात पोचलं तेव्हा जहाजावर सगळ्यात आधी चढलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांत हाच होता. आता १२ वर्षाच्या पोराला हे सांगायचं का? की प्रोजेक्ट खेळापुरतंच ठेवू?

टोरांटो_रिटर्न
सहा वर्षं तिकडे होतो म्हणून थोडं लिहितो, लांबेल.

आधी खेळाचं. तेव्हा एका बाजूला सात जण असायचे, सातवा तो रोव्हर, त्याला ठरलेली जागा नाही, आख्ख्या रिंकवर फिरायचं. टेलर पुढे व्हँकुव्हरला रोव्हर म्हणून गाजला. पक (म्हणजे हॉकीतली चेंडूऐवजीची चकती) पुढे पास करायला बंदी होती, पास आडवा नाहीतर मागे, त्यामुळे पुढे जायचं तर स्वतःच पक घेऊन सुटायचं. बदली खेळाडू जवळपास नाहीतच, तासभर तेच सात गडी. अशा खेळात वेगवान माणूस म्हणजे राजा. पोराला हे समजलं तर सायक्लोन नाव का पडलं ते आपोआप समजेल.

आणि पैशाचं. ओंटारिओत तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे पाप, हौशी असोसिएशनचं राज्य. टेलरने टोरांटोच्या टीमकडून खेळायला नाही म्हटलं तर त्याला सरळ बाहेर बसवला, सीझन गेला. मग तो मॅनिटोबाला आणि तिथून अमेरिकेत मिशिगनमधल्या हॉटनला गेला. तांब्याच्या खाणींचं गाव, खाणींमुळे पैसा, म्हणून पहिली उघडउघड प्रोफेशनल लीग (१९०४ ते १९०७) त्या भागात उभी राहिली. लीग बंद पडली आणि हा ऑटवाला आला, १९०९ चा स्टॅनले कप (तिकडच्या हॉकीतला सगळ्यात मोठा करंडक) जिंकला.

आता महत्त्वाचं. ऑटवाने नुसते पैसे नाही दिले, सरकारी नोकरीही लावून दिली. कुठल्या खात्यात? इमिग्रेशन! कारण लीगचा भरवसा नाही, आज आहे उद्या नाही. रेनफ्रूचंच बघा, मालक ओब्रायन खाणींमधून श्रीमंत झालेले, पाण्यासारखा पैसा ओतला, तरी दोन सीझनमध्ये टीम गुंडाळली. टेलरने नोकरी धरून ठेवली ती अशी. १९१२ च्या शेवटी व्हँकुव्हरला खेळायला गेला तर तिथेही इमिग्रेशनमध्येच. म्हणजे बाबा, हॉकी आणि ते जहाज ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच, हॉकीनेच त्याला त्या खुर्चीत बसवलं.

पेठेतला_एक
रिव्हर्स गोलचं लिहा की कुणीतरी! ऑटवाविरुद्ध उलटं स्केटिंग करून गोल मारीन म्हणाला होता, फेब्रुवारी १९१० ला ऑटवात जमलं नाही, लोकांनी हुर्यो उडवली. मार्चमध्ये रेनफ्रूला घरच्या मैदानावर केला म्हणतात. पूर्ण उलटा की शेवटचं वळण उलटं, यावर अजून भांडणं आहेत. मॅच मात्र १७-२ ने जिंकली हे खरं.

बाकी जहाजाचं म्हणाल तर नोकरदार माणूस हो, वरून ऑर्डर आली की चढणार. आपल्याकडे कारकून काय वेगळं करतात?

तळेगाव_ढमढेरे
वरच्यांना उत्तर. ऑर्डर कसली होती तेही बघा. जहाजावर ३७६ जण, बहुतेक पंजाबी शीख, आणि कॅनडाचा नियम असा की स्वतःच्या देशातून न थांबता सलग प्रवास करून या. भारतातून तशी बोटच नव्हती, म्हणजे नियम कुणासाठी केला ते उघड आहे. २३ मे ते २३ जुलै माणसं बंदरात अडकलेली, पाणी-अन्नाची मारामार, मोजक्यांना उतरू दिलं आणि बाकीच्यांना युद्धनौका लावून परत. कलकत्त्याजवळ बजबजला सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यातलेच वीसेक गेले. एकट्या टेलरने हे केलं असं मी म्हणत नाही, पण 'बिचारा नोकरदार' एवढ्यावर सोडूही नका. १९४६ ला त्याला 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा ब्रिटिश सन्मान मिळाला तो इमिग्रेशनच्या कामासाठीच, हॉकीसाठी नाही.

आणि बाबा, आयडी बघून कळलंच असेल, आमच्या गावचे विष्णू गणेश पिंगळे. शिकायला अमेरिकेत गेले, गदर या इंग्रजांविरुद्धच्या क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. कोमागाटा मारूने जे लोक पेटले त्यांच्याच बरोबरचे. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले, नोव्हेंबरात कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही म्हणता येणार, त्याच मार्च १९१५ मध्ये टेलरची व्हँकुव्हर टीम ऑटवाला सलग तीन मॅच हरवून स्टॅनले कप जिंकत होती. पोराला शिक्रापूरमार्गे एकदा गावात घेऊन या, लांब नाहीये.

टोरांटो_रिटर्न
मार्च १९१५ चा हा योगायोग मला माहीतच नव्हता. आभार.

कोथरूडचा_बाबा
सगळ्यांचे आभार. सकाळी दूध पिताना सांगून टाकलं. पहिला प्रश्न, 'तो शिव्या देत होता का त्यांना?' म्हटलं माहीत नाही रे. मग बराच वेळ गप्प. फोटो भिंतीवरून काढला नाहीये, मीही काही बोललो नाही. पण संध्याकाळी बघतो तर चार्टवर १९१० च्या पगाराचा चौकोन आणि १९१५ चा कप यांच्यामध्ये कोरा कागद चिकटवलाय, वर १९१४ लिहून. जहाजाचा फोटो प्रिंट करायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे निघालोय, पिंगळ्यांचा चांगला फोटो कुणाकडे असेल तर टाका, सोमवारी सबमिशन आहे.