गावच्या वाचनालयात दर महिन्याला कार्यक्रम कसा जमवता?

प्रश्न: आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात खालचं वाचनालय. ग्रंथपाल, शिपाई, हिशेबनीस, सगळं मीच. महिनाअखेरीला देवघेव जुळवा, वर्गणीच्या पावत्या फाडा, नवी पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवा, शिवाय टॉर्च घेऊन कपाटामागे वाळवी शोधा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन निभावतो. मधल्या महिन्यांचं काय? गेल्या शनिवारी कवितावाचन ठेवलं तर चौघे आले. त्यातले दोघं पेपर वाचायलाच आलेले!

उत्तर १: शनिवार सोडा, आठवडी बाजाराचा दिवस धरा. आमच्याकडे बायका भाजीची पिशवी दाराशी ठेवून तासभर बसतात. भाषण नको, एकच गोष्ट मोठ्याने वाचा.

उत्तर २: १२ ऑगस्ट विसरलात की! भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. हारतुरे बाजूला ठेवून आम्ही पोरांना खळ आणि कापडी पट्ट्या देतो. फाटक्या पुस्तकांचे कणे तीच चिकटवतात. गेल्या वर्षी एकाने पानं उलटी लावली, पण पुस्तक घरी नेऊन वाचलंही त्यानेच. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेता का? आमचा नोव्हेंबर-डिसेंबर त्यावरच निघतो.

प्रश्नकर्ता: घेतो हो, पण अंक परत येतात ते होळीला, तेही मुखपृष्ठाविना. बाजाराचा दिवस मात्र पटला. आमचा बाजार मंगळवारी, आणि साप्ताहिक सुट्टीही नेमकी मंगळवारीच. आता कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ती सोमवारवर ढकलायला बघतो.