लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो

कागदफूल: अकोल्यात, म्हणजे नगरकडच्या अकोल्यात, डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, एरवी लोकांचे अर्ज. ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटांत ओरडायला लागतो, म्हणून जुना इन्व्हर्टर आणि नवी १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी बसवली. पंखा, ट्यूब झकास. पण लाइट जाताक्षणी पीसी रीस्टार्ट! कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) पत्रिका अर्धी आणि समोर नवरदेवाचे मामा. वायरमन म्हणतो, यूपीएसलाच मोठी बॅटरी जोडून देतो. जोडू का? तीन तास निघायला हवेत.

सोल्डरगन: वायरमनला चहा पाजा आणि वाटेला लावा. त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ट्रान्सफॉर्मरही तेवढ्याच वेळाच्या बेतानं गुंडाळलेला. तास-दोन तास पळवलात तर वास येईल. त्याचा चार्जर इतका इवलासा, की १५० एएच भरता भरता आठवडा जाईल.

आधी इन्व्हर्टरच्या पाठीमागे बघा, यूपीएस मोडचं बटण असतं. साध्या मोडला तो लाइनवरून बॅटरीवर रमतगमत येतो. पीसीतला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, वीज नसताना १५-२० मिलिसेकंद दम धरतो, कपॅसिटर सुकले असतील तर तेवढाही नाही. यूपीएस मोडला व्होल्टेज जरा पडलं तरी बॅटरी लागते, एवढाच तोटा.

तासांचं म्हणाल तर १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, कागदावर. बॅटरीच्या प्लेटा टिकवायच्या तर निम्मेच काढायचे. त्यातून इन्व्हर्टर स्वतःचं कमिशन खातो. हाती सातशेच्या आसपास. ग्राफिक कार्ड नसलेला पीसी, मॉनिटर, एक पंखा, एक ट्यूब धरून दोनशे वॅट. तीन तास होतात, साडेतीनही.

नानांचीपोर: दादा, लेसर प्रिंटर त्या लाइनवर ठेवू नका हं. आमच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे प्रिंट दिली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो. आतला रोलर तापताना हजारभर वॅट लागू शकतात. इंकटँकवाला बिनधास्त चालवा.

कागदफूल: बटण सापडलं, स्टिकरखाली होतं! मेन स्विच पाडून बघितला, पीसी चालूच, ढिम्म हलला नाही. पण बॅटरीवर पंखा गुणगुणतो, ते काय?

सोल्डरगन: स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे, वीज गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी ठोक्यांत देतो. पंख्याचं सोडा. पीसी उघडून एसएमपीएसचं लेबल वाचा: 'अ‍ॅक्टिव्ह पीएफसी' (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) लिहिलेलं असेल तर त्याचं चौकोनी विजेशी नीट जमत नाही, पुढचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे गुळगुळीत लहरीचाच घ्या. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, फिल्टरचं नको.